साल्वीनपलीकडची दुअंमली

रत्नागिरीच्या थिबा पॅलेसजवळच्या कड्यावरून भाट्याची खाडी दिसते आणि तिच्यापुढे समुद्र. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. तीस वर्षं तो रत्नागिरीत राहिला आणि १९१६ साली इथेच वारला. आपल्याकडे ही गोष्ट परक्या मुलखात खंगलेल्या एका राजाची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण राजा इकडे आला तेव्हा तिकडे त्याच्या राज्याची ईशान्येची शीव उघडी पडली. त्या शिवेवरच्या एका डोंगरी मुलखाची गोष्ट मला सांगायची आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे घातलेली गाठ अजून सुटलेली नाही, आणि तिचा पीळ आता पार आपल्या घरातल्या मोबाइलपर्यंत येऊन पोचला आहे.

मंडालेचं राज्य नकाशावर रेघ मारून दाखवता येईल असं नव्हतं. मधे राजा, त्याच्याभोवती नजराणा पाठवणारे शान सरदार, आणि त्यांच्याही पलीकडे, साल्वीन नदी ओलांडून, असे डोंगरी सरदार की जे एका वर्षी ब्रह्मी राजाकडे नजराणा पाठवत आणि दुसऱ्या वर्षी चिनी अंमलदाराकडे. काही जण दोघांकडेही पाठवत. मराठ्यांचा इतिहास वाचलेल्याला हे नवं वाटणार नाही. निजामाच्या मुलखात अशी कितीतरी गावं होती जिथे मोगलाईचा वसूल वेगळा आणि मराठ्यांची चौथाई वेगळी. तिला आपण दुअंमली म्हणत होतो. साल्वीनपलीकडे तीच दुअंमली पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

इंग्रजांना हे चालणार नव्हतं. त्यांना रेघ हवी होती. १८९४ च्या करारात कोकांग हा साल्वीनच्या पूर्वेचा मुलूख चीनच्या वाट्याला गेला. मग चीननं त्या कराराची अट मोडून दुसरीकडचा एक तुकडा फ्रान्सला दिला, आणि त्याच्या भरपाईत १८९७ साली कोकांग पुन्हा इंग्रजांकडे आलं. तीन वर्षांत मुलूख दोनदा हात बदलला, आणि तिथल्या माणसाला कोणी विचारलं नाही. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, म्हणजे १९३७ पर्यंत कागदोपत्री ही आपलीच सरहद्द होती.

कोकांगच्या गादीवर यांग घराणं होतं. चीनमधलं मिंग राजवंशाचं राज्य मांचूंनी बुडवलं तेव्हा शेवटचा मिंग दावेदार युन्नानमार्गे ब्रह्मदेशात पळाला. त्याच्याबरोबर आलेल्यांपैकी एक आपला मूळपुरुष, अशी यांगांची घराण्याची आठवण. प्रजाही बहुतेक हान चिनी, बोली युन्नानची, बाजारात माल आणि माणसं येत ती युन्नानमधूनच. असा हा मुलूख ब्रह्मदेशात आला, आणि त्याच्याबरोबर त्याचं पीक आलं.

ते पीक अफूचं. इथे आपल्यालाही थोडं मागे जावं लागतं, कारण चीनच्या तोंडाला ही गोडी लावणाऱ्यांत माळव्याच्या अफूचा वाटा मोठा होता. शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली ही अफू मुंबईतून जहाजांवर चढे. आणि कंपनीनं मुंबईच्या वाटेवर जकातीचा फास आवळला की ती पोर्तुगिजांच्या दमणहून निघे. एकाच्या कायद्यात चोरटी असलेली पेटी दोन मैलांवर दुसऱ्याच्या झेंड्याखाली साधा व्यापारी माल ठरत असे. मुंबईच्या कित्येक पेढ्यांचं भांडवल या पेट्यांतून उभं राहिलं. पुढे चीननं स्वतःच्याच मातीत अफू लावायला सुरुवात केली, युन्नान त्यात आघाडीवर होतं, आणि तिथून ती सीमेवरच्या डोंगरांत पसरली. ब्रिटिश सरकारनं ब्रह्मदेशात इतरत्र तिच्या लागवडीवर बंदी घातली तरी साल्वीनपलीकडच्या पट्ट्याला सूट ठेवली. तिथे बंदी आणायची तर राज्य करावं लागलं असतं, आणि तेवढा खर्च करायची सरकारची तयारी नव्हती.

या डोंगरांत अफू का, याचं उत्तर सोपं आहे. उतारावरच्या जमिनीतला भात-मका घराला वर्षभर पुरत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस खसखस पेरायची. थंडीत बोंडं धरली की दुपारनंतर त्यांना बारीक चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडून घ्यायचा. वजनाला हलका, किमतीला जड, वर्ष वर्ष टिकणारा असा तो गोळा खेचराच्या पाठीवर कुठेही जातो. व्यापारी पेरणीच्या वेळीच उचल देऊन ठेवतो. उसाच्या फडात उचलीवर जगणारी माणसं आपण पाहिली आहेत, तेव्हा त्या उचलीचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

१९४९ नंतर या शांत, गरीब व्यवस्थेत बंदूक शिरली. माओच्या फौजांनी युन्नान घेतलं, आणि च्यांग काय-शेकच्या पराभूत क्वोमिन्तांग सैन्याच्या तुकड्या सीमा ओलांडून शान प्रदेशात उतरल्या. जनरल ली मी त्यांचा सेनापती. अमेरिकेच्या सीआयएनं त्यांना शस्त्रं पुरवली, कारण त्यांनी मागून चीनवर चढाई करावी अशी कल्पना होती. चढाया झाल्या, त्या फसल्या, आणि फौज ब्रह्मदेशातच ठाण मांडून बसली. नुकताच स्वतंत्र झालेला देश, आणि त्याच्या जमिनीवर तिसऱ्याच देशाचं, चौथ्याच्या पैशावरचं सैन्य. १९५३ मध्ये ब्रह्मदेशानं संयुक्त राष्ट्रांत तक्रार नेली. आमसभेनं परक्या सैन्याचा निषेध केला, काही हजार माणसं विमानांनी तैवानला हलवली गेली, पण उरलेली उरलीच. सैन्याला खायला लागतं. त्यांनी डोंगरातल्या शेतकऱ्यावर अफूचा कर बसवला आणि खेचरांचे तांडे थायलंडच्या सीमेकडे हाकायला सुरुवात केली.

त्या काळातली एक व्यक्ती मला विसरता येत नाही. कोकांगच्या गादीवर तेव्हा एडवर्ड यांग होता आणि त्याची धाकटी बहीण ऑलिव्ह. जन्म १९२७ चा. शान प्रदेशातल्या लाशियोच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पुरुषी कपडे घालणारी, कमरेला पिस्तूल लावणारी. विशीतच तिच्या हाताखाली स्वतःची फौज होती. लोक त्या फौजेला ‘ऑलिव्हची पोरं’ म्हणत. तिनं क्वोमिन्तांगशी हातमिळवणी केली, आणि अफूचा माल खेचरांवरून ट्रकांवर आणणाऱ्यांत तिचं नाव पहिल्यांमध्ये घेतात. सरकारनं तिला पन्नाशीच्या दशकात तुरुंगात टाकलं, सोडलं, आणि ने विनच्या लष्करी राजवटीत पुन्हा टाकलं. दुसऱ्या खेपेला ती १९६८ पर्यंत आत होती. तिला गुन्हेगार म्हणावं की गादीची कारभारीण? आपल्या जुन्या कागदांत पुंड आणि पाळेगार हे शब्द जोडीनं येतात. कोणत्या माणसाला त्यातला कोणता शब्द लावायचा, हे तो काय करतो यावरून थोडंच ठरे. वसूल घेणारं वरचं सरकार त्या साली त्याच्यावर खूष आहे की नाही, यावरून ते ठरे. कोकांगच्या गोष्टीत पुढे हेच पुन्हा पुन्हा होताना दिसतं.

१९५९ साली शान सरदारांनी आपले वंशपरंपरागत अधिकार सोडले. १९६० मध्ये चीन आणि ब्रह्मदेश यांच्यात सीमेचा तह झाला, कोकांग ब्रह्मदेशातच राहिलं, आणि त्याच हिवाळ्यात चिनी फौजांनी ब्रह्मी सैन्याबरोबर क्वोमिन्तांगची ठाणी उठवली. वरवर पाहता आता रेघ पक्की झाली होती. पण १९६२ मध्ये ने विननं सत्ता घेतली आणि शान प्रदेशात बंड पेटलं. लष्कराकडे एवढ्या डोंगरांत पसरायला माणसं नव्हती, पगार द्यायला पैसा नव्हता. त्यावर त्यानं जी युक्ती काढली ती पुढच्या साठ वर्षांचा नमुना ठरली. गावोगावच्या सशस्त्र टोळ्यांना ‘का क्वे ये’ म्हणजे रक्षकदल असं नाव दिलं. तुम्ही बंडखोरांशी लढा, आम्ही तुम्हाला पगार देणार नाही, पण सरकारी रस्त्यांवरून आणि गावांतून तुमचा माल अडवणारही नाही. माल कोणता ते लिहायची गरज नव्हती.

कोकांगच्या रक्षकदलाचा म्होरक्या होता लो सिंग हान. शेजारच्या लोईमॉच्या दलाचा म्होरक्या खुन सा. जगातल्या हेरॉइनच्या इतिहासातली ही दोन मोठी नावं, आणि दोघंही सरकारमान्य दलांतून वर आली. १९६७ च्या उन्हाळ्यात खुन सानं अफूचा प्रचंड तांडा लाओसच्या बान ख्वानकडे काढला. माल सोळा टनांच्या घरात होता असं सांगतात. क्वोमिन्तांगला आपला कर बुडत असल्याचा राग आला आणि त्यांनी लाओसच्या जमिनीवर तांडा गाठला. मेकाँगकाठच्या लाकडाच्या गिरणीभोवती लढाई जुंपली. तेव्हा लाओसचा सेनापती उआन रत्तिकोन यानं दोघांवरही विमानांतून बॉम्ब टाकले. मरणारे मेले, पळणारे पळाले, आणि अफू लाओसच्या सैन्यानं उचलली. एका देशाचं रक्षकदल, दुसऱ्या देशाचं हरवलेलं सैन्य आणि तिसऱ्या देशाचा सेनापती यांच्यातलं हे युद्ध कोणीही जाहीर केलेलं नव्हतं आणि कोणताही तह करून ते संपलं नाही.

१९७३ मध्ये ने विननं रक्षकदलं मोडीत काढायचा हुकूम दिला. लो सिंग हाननं बंदुका टाकल्या नाहीत. तो शान बंडखोरांना मिळाला, थायलंडच्या सीमेकडे गेला, आणि त्याच वर्षी थाई पोलिसांनी त्याला पकडून ब्रह्मदेशाच्या हवाली केलं. जगाच्या वर्तमानपत्रांत तो ‘हेरॉइनचा बादशहा’ होता. न्यायालयानं त्याला मृत्युदंड दिला, पण तो राजद्रोहासाठी. अफूबद्दल त्याच्यावर खटला भरणं अवघड होतं, कारण ती वाहायची मुभा सरकारनंच दिलेली होती. सात वर्षांनी, १९८० मध्ये, माफीच्या हुकमानं तो बाहेर आला. त्याचं पुढचं आयुष्य सांगायला जागा लागेल.

दरम्यान कोकांग दुसऱ्याच हाती गेलं होतं. १ जानेवारी १९६८ रोजी चीनच्या पाठबळावर ब्रह्मी कम्युनिस्ट पक्षाच्या फौजा सीमा ओलांडून आल्या. त्यांच्याबरोबर कोकांगचाच एक जण होता, पेंग जियाशेंग. यांगांच्या जमान्यात बंदूक हाती धरलेला, चीनमध्ये आसरा घेतलेला, आता क्रांतीचा सेनानी. वीस वर्षं तिथे लाल झेंडा होता. चीनमध्ये माओ गेला, डेंग आला, बीजिंगला क्रांती निर्यात करण्यापेक्षा व्यापार मोलाचा वाटू लागला आणि मदत आटली. मार्च १९८९ मध्ये पेंगनं स्वतःच्या पक्षाविरुद्ध बंड केलं. महिन्याभरात शेजारच्या वा जमातीच्या टोळ्यांनीही तेच केलं, पक्षाचे म्हातारे नेते चीनमध्ये पळाले, आणि आशियातलं एक जुनं कम्युनिस्ट बंड काही आठवड्यांत कोसळलं.

लष्कराचा गुप्तहेरप्रमुख खिन न्युन्त यानं संधी ओळखली. आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, रंगूनच्या रस्त्यांवर सैन्यानं निदर्शकांना गोळ्या घातल्या होत्या; शहरांतला राग डोंगरांतल्या बंदुकांना जाऊन मिळाला असता तर राजवट टिकली नसती. तो पेंगला भेटायला गेला. मध्यस्थ म्हणून कोणाला घेतलं? लो सिंग हानला. आणि ऑलिव्ह यांगला, जिला याच लष्करानं तुरुंगात ठेवलं होतं. करार ठरला: शस्त्रं तुमच्याकडे, मुलूख तुमच्याकडे, व्यापार तुमचा, फक्त आमच्यावर गोळी झाडू नका. कोकांग ‘विशेष प्रदेश क्रमांक १’ झालं. युद्ध थांबलं, रस्ते खुले झाले आणि हेरॉइनच्या भट्ट्या धडाडू लागल्या. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर म्यानमारमध्ये, म्हणजे ब्रह्मदेशातच, दीड लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर अफू होती. लो सिंग हाननं मुलाबरोबर एशिया वर्ल्ड नावाची कंपनी काढली. बंदरं, महामार्ग, यांगूनच्या (म्हणजे रंगूनच्या) विमानतळाची कामं तिच्याकडे आली. २०१३ मध्ये तो गेला तेव्हा देशातल्या मोठ्या उद्योगपतींत त्याची गणना होत होती. खुन सा १९९६ मध्ये शरण आला. अमेरिकेनं त्याच्यावर वीस लाख डॉलरचं इनाम लावलं होतं. यांगूनच्या लष्करानं त्याला कोणाच्याही हवाली केलं नाही; २००७ मध्ये तो तिथेच, घरी वारला.

या सगळ्यात शेतकऱ्याचं काय झालं? चीनच्या दडपणामुळे पेंगनं २००३ पासून अफूवर बंदी घातली. जाहीर केलेल्या बंद्या बहुधा कागदावर राहतात, ही खरोखर पाळली गेली. जपानच्या मदतीनं कुट्टूच्या पिकाचा प्रयोग झाला. तो पोटाला पुरला नाही. हजारो कुटुंबं डोंगर सोडून गेली. ज्यांनी शंभर वर्षांत या धंद्यातलं सगळ्यात कमी कमावलं, त्यांनाच त्याच्या शेवटाची किंमत मोजावी लागली. आणि म्होरक्यांनी तोवर दुसरं पीक शोधलं होतं. चीनमध्ये जुगाराला बंदी आहे. सीमेच्या अलीकडे, लाउक्काई गावात, जुगाराच्या इमारती उभ्या राहिल्या. वीज युन्नानची, फोनचं जाळं चिनी, चलन युआन, गिऱ्हाईकं चिनी. राज्य म्यानमारचं.

२००९ मध्ये लष्करानं फर्मान काढलं: युद्धबंदीतल्या सगळ्या फौजांनी आपल्या हाताखाली ‘सीमा रक्षकदल’ म्हणून यावं. पेंगनं नकार दिला. ऑगस्टमध्ये सैन्य अमली पदार्थांच्या कारखान्याच्या झडतीचं निमित्त करून आलं. वीस वर्षं जे सर्वांना ठाऊक होतं ते अचानक गुन्हा ठरलं. पेंगचा उपप्रमुख बाई सुओचेंग लष्कराला मिळाला, लाउक्काई पडलं, पेंग पळाला, आणि तीस हजारांहून जास्त माणसं सीमा ओलांडून युन्नानच्या नानसानमध्ये तंबूंत जाऊन बसली. त्या मोहिमेची सूत्रं होती जनरल मिन आँग हलाइंगकडे. पुढे हाच सेनाप्रमुख झाला आणि १ फेब्रुवारी २०२१ ला त्यानं देशाची सत्ता उलथवली. २०१५ मध्ये पेंगनं कोकांग परत घेण्यासाठी चढाई केली. त्या लढाईत म्यानमारच्या विमानातला बॉम्ब रेघ ओलांडून युन्नानमधल्या उसाच्या शेतात पडला आणि राबणारे चिनी शेतकरी मेले. गादी मात्र बाईकडेच राहिली.

बाई, वेई, लिउ आणि मिंग ही कोकांगची चार घराणी (या मिंगांचा जुन्या राजवंशाशी काही संबंध नाही). सीमा रक्षकदलाची अधिकृत वर्दी, स्वायत्त प्रदेशाच्या समितीतल्या खुर्च्या आणि जुगाराच्या इमारती, तिन्ही त्यांच्याच हाती. २०१९ मध्ये कंबोडियानं ऑनलाइन जुगारावर बंदी घालायचं ठरवलं तेव्हा तिथला धंदा इकडे सरकला. मग कोविड आला, चीननं सीमा बंद केली, गिऱ्हाईक येईना. इमारती होत्या, इंटरनेट होतं, पहारेकरी होते. मग उलटी कल्पना निघाली: गिऱ्हाईक येत नाही तर इथे कामगार आणून बसवायचे आणि जगभरच्या लोकांना फोनवरून गाठायचं. महिनोन्‌महिने गोड बोलून विश्वास मिळवायचा, खोट्या गुंतवणुकीत पैसा ओतायला लावायचा आणि शेवटी सगळं लुबाडायचं. चिनी टोळ्या याला डुक्कर पोसून कापणं म्हणतात. त्या टेबलांवर बसवलेली पुष्कळशी माणसंही फसवून आणलेली. पासपोर्ट हिसकावलेले, काम पुरं झालं नाही तर मार, सुटायचं तर घरून खंडणी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला की एकट्या म्यानमारमध्ये अशा कोंडलेल्यांची संख्या किमान १ लाख २० हजार असावी.

चीननं राजधानी नेपिडोतल्या लष्करी राजवटीकडे या टोळ्यांना आवरण्याची वारंवार मागणी केली. लष्करानं आपल्याच वर्दीतल्या माणसांना हात लावला नाही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी लाउक्काईत मिंग घराण्याच्या ताब्यातल्या एका आवारात कोंडलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पुढे चिनी न्यायालयानं त्यात चौघांचा मृत्यू झाल्याचं नोंदवलं. एका आठवड्यानं, २७ ऑक्टोबरच्या पहाटे, उत्तर शानमध्ये एकाच वेळी अनेक चौक्यांवर हल्ले सुरू झाले. हल्ला करणारी होती तीन सशस्त्र संघटनांची आघाडी, आणि त्यांत एक होती पेंगची फौज. पेंग स्वतः त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हातारपणानं वारला होता. ज्या लष्करानं त्याला हाकललं होतं त्याचे प्रतिनिधी त्याच्या अंत्यविधीला हजर होते. आता त्याचा मुलगा पेंग दाशुन पुढे होता. आघाडीच्या जाहीरनाम्यात लष्करी हुकूमशाही उलथण्याच्या बरोबरीनं सीमेवरची ऑनलाइन फसवणूक संपवण्याची घोषणा होती. ते वाक्य कोणत्या कानांसाठी होतं हे उघड आहे, आणि तरी ते खोटं नव्हतं. बीजिंगनं ही लढाई थांबवण्याची घाई केली नाही.

नोव्हेंबरमध्ये चीननं मिंग घराण्याचा प्रमुख मिंग शुएचांग याच्या नावानं पकड हुकूम काढला आणि काही दिवसांत त्याच्या मृत्यूची बातमी आली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात लाउक्काईचं ठाणं पडलं. सहा ब्रिगेडियर जनरलांसह २,३८९ सैनिक शरण आले. म्यानमारच्या सैन्याच्या इतिहासात अशी शरणागती झाली नव्हती, आणि शरण आलेल्यांपैकी तिघा ब्रिगेडियरांना पुढे त्यांच्याच लष्करानं मृत्युदंड सुनावला. त्याच महिन्याच्या अखेरीस बाई सुओचेंगसह दहा जणांना विमानानं चीनला नेण्यात आलं. चौदा वर्षांपूर्वी ज्याला कायदा-सुव्यवस्थेचा रक्षक म्हणून बसवलं होतं तो आता हातात बेड्या घालून विमानाच्या जिन्यावरून उतरत होता. २०२३ या एका वर्षात उत्तर म्यानमारमधून ४१ हजार संशयित चीनच्या ताब्यात दिले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये वेन्झोउच्या न्यायालयानं मिंग टोळीतल्या ११ जणांना मृत्युदंड दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये तो अमलात आला.

त्यांनी केलेल्या क्रौर्याबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. पण या निकालाकडे न्याय म्हणून पाहताना मन अडखळतं. ज्या जमिनीवर गुन्हे घडले त्या देशाच्या न्यायालयात यातला एकही खटला उभा राहिला नाही. ज्या सेनापतींनी या घराण्यांना वर्दी दिली, त्यांच्याकडून हिस्सा घेतला, त्यांच्यावर कोणतंही कलम लागलं नाही. आणि जे खटले चालले ते चिनी माणसांच्या तक्रारींवर. इतर देशांच्या माणसांसाठी इतके लांब बाहू असलेलं सरकार नव्हतं.

त्यात आपलीही माणसं आहेत. कोकांगमधून उठल्यावर धंदा दक्षिणेला, थायलंडच्या सीमेवर म्यावाडीजवळ आणखी फोफावला. नदी साल्वीनच्या ऐवजी मोएई, चिनी शेजाऱ्याच्या ऐवजी थाई शेजारी, पण घडी तीच: सरकारमान्य सीमा रक्षकदल, त्याच्या जमिनीवर भाड्यानं दिलेली आवारं, उंच भिंती. केके पार्क हे त्यातलं कुप्रसिद्ध नाव. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, चांगला पगार, विमानाचं तिकीट आमच्याकडे, असं सांगून महाराष्ट्रासह कितीतरी राज्यांतल्या तरुणांना तिथे नेलं. २०२५ च्या सुरुवातीला चीन आणि थायलंडच्या दडपणानं आवारं उघडली तेव्हा हजारो लोक बाहेर आले. मार्चमध्ये वायुदलाची विमानं माए सोतला गेली आणि दोन फेऱ्यांत ५४९ भारतीय परत आणले. याच आवारांतून आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकांना, विधवांना, बँकेतल्या ठेवीवर जगणाऱ्यांना फोन येत होते. २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांतल्या सायबर फसवणुकीच्या तक्रारींपैकी सुमारे ४५ टक्क्यांचा माग आग्नेय आशियाकडे जात असल्याचं भारताच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं सांगितलं होतं. फोनच्या दोन्ही टोकांना आपलंच माणूस, आणि मधे एका सरदाराची भिंत.

कोकांगमध्ये आता पेंगांची गादी परत आली आहे. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये पेंग दाशुनच्या फौजेनं लाशियो घेतलं. तिथे लष्कराच्या ईशान्य विभागाचं मुख्यालय होतं, आणि विभागीय मुख्यालय पडण्याची ही पहिलीच वेळ. पण एवढं मोठं शहर हातून जाणं म्हणजे नेपिडोची राजवट कोसळण्याचा धोका, आणि ते बीजिंगला नको होतं. चीननं सीमेवरचे नाके बंद केले, वीज तोडली, इंधन आणि औषधं अडवली. पेंग दाशुन युन्नानमध्ये गेला तो परत येईना. चीननं सांगितलं की त्याच्यावर उपचार चालू आहेत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या फौजेनं शहर सोडलं आणि लष्कर परत आलं. न लढता. हस्तांतर नीट होतंय ना हे पाहण्यासाठी चीनचं देखरेख पथक आपल्या गाड्या घेऊन लाशियोच्या रस्त्यांवर फिरत होतं, त्याच गावात, जिथल्या कॉन्व्हेंटमध्ये ऑलिव्ह यांग शिकली होती. ती स्वतः २०१७ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, चीनच्या सीमेवरच्या मुसे गावात वारली.